पुढच्या वर्षीचं जावळ

विलायतेला जाऊन आलेले लोक विलायतेविषयी लिहितात. त्यात बोटीवरचं जेवण असतं, धुकं असतं, राणीचा वाडा असतो. मी गेली पाच वर्षं विलायतेतच राहते. धुक्याला मी कंटाळले आहे आणि राणीचा वाडा अजून पाहिलेला नाही. आमचं शहर मधल्या मुलखातलं, लोखंडाच्या कारखान्यांचं. यजमान पलटणीतून सुटल्यावर तिथे बसच्या डेपोत फिटर झाले आणि मी बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरते. तेव्हा माझा प्रवास उलटा आहे. मी तिथून निघाले, माणदेशात गेले, सांगलीला गेले, जतला गेले आणि परत आले. सातारा-सांगलीच्या माणसाला यात नवं काही दिसायचं नाही. पण नव्या देशात जाऊन घर करू म्हणणारे पुष्कळ जण सध्या मला पत्रं लिहून थंडीविषयी विचारतात. त्यांनी हे वाचावं. थंडीला कोट मिळतो.

मी गेले तेव्हा आमची शालन दहा महिन्यांची होती. यजमान आधी गेले होते. त्यांनी एक खोली पाहून ठेवली होती, पण मालकीणबाईंनी बायको चालेल, तान्हं मूल चालायचं नाही, असं बजावलं होतं. त्यात थंडीनं पोर दगावेल अशी भीती जो तो घालत होता. मग ठरलं, एक हिवाळा शालनला थोरल्या जाऊबाईंपाशी ठेवायचं. त्यांना मी आक्का म्हणते. त्यांना मूलबाळ नाही. थोरले दीर मुंबईला गोदीत असतात, वर्षातून दोनदा गावी येतात. दोन वर्षांपूर्वी सासूबाई वारल्या, तेव्हापासून त्या घरात आक्का आणि शालन दोघीच.

एका हिवाळ्याचे पाच झाले. कधी खोली बदलली, कधी माझी नोकरी नवी होती, तिसऱ्या वर्षी पोटातलं मूल गेलं. डॉक्टरनं यापुढे आशा धरू नका म्हणून सांगितलं. त्या दिवशी मला शालनची जेवढी आठवण आली तेवढी ती पाळण्यात असतानाही कधी आली नव्हती. तरी आम्ही गेलो नाही, हेही इथेच लिहून टाकते.

आमच्यात मुलीचंही जावळ काढतात. मूल मामाच्या मांडीवर बसतं, न्हावी केस उतरवतो आणि ते पहिले केस जमिनीवर पडू द्यायचे नसतात, आईनं पदर पसरून झेलायचे. शालन वर्षाची व्हायच्या आत आक्कांनी मास्तरांकडून पत्र लिहवून विचारलं, जावळाचं कसं करायचं? मी उत्तर पाठवलं, पुढच्या वर्षी येतो आहोत, तोवर थांबा. त्या थांबल्या. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच लिहिलं. पाच वर्षांत पाच वेळा मी हे वाक्य लिहिलं. आईवाचून जावळ काढायचं नाही, ही आक्कांची समजूत इतकी पक्की की पोरीच्या केसाला त्यांनी कात्री म्हणून लावली नाही.

आणि दर दिवाळीला पत्राच्या पाकिटात एक दोरा यायचा. शालनला भिंतीशी उभी करून टाचेपासून टाळूपर्यंत मोजलेला. त्या दोऱ्यावरून मी झगे शिवत असे. दोरा घेऊन मी स्वयंपाकघराच्या दाराशी धरायची आणि यजमान म्हणायचे, ‘एवढी झाली?’

शेवटी आम्ही घर घेतलं. मागच्या लहान खोलीला पिवळा रंग दिला, एक छोटा पलंग आणला. माझ्या पासपोर्टावर शालनचं नाव चढवून घेतलं. मला वाटायचं, ती त्या पलंगावर झोपली की हा देश आपला झाला. निघताना यजमान म्हणाले, ‘तुम्ही दोघी याल तेव्हा मी स्टेशनवर तिचा कोट घेऊन येतो.’ लाल लोकरीचा कोट होता, दोऱ्याच्या मापाचा.

दहिवडीच्या पुढे

मुंबईपर्यंतचं काही लिहीत नाही. साताऱ्याहून दहिवडीच्या एसटीत बसले तेव्हा चैत्र लागला होता. उन्हानं डोळे दुखायला लागले. पाच वर्षांत मी इतका उजेड एकदम पाहिला नव्हता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उघडी राखी जमीन, मधे एखादं बाभळीचं झाड, त्याखाली चार शेरडं. शेजारी एक म्हातारा बसला होता. माझ्या पायातले मोजे बघून म्हणाला, ‘आजारी हाय का बाई?’ मी म्हटलं, नाही, सवय झाली. ‘कसली सवय ही,’ म्हणून तो खिडकीबाहेर बघायला लागला. पुढच्या थांब्यावर मी मोजे काढून पिशवीत टाकले.

दहिवडीपासून गावापर्यंत बैलगाडी. वाटेत ओढा लागतो, त्यात पाण्याचा टिपूस नव्हता. विलायतेत लोक भेटले की पावसाला नावं ठेवतात आणि मीही ठेवायला शिकले आहे. त्या ओढ्यातून गाडी जाताना मला त्याची लाज वाटली.

घराला नुसती कडी घातलेली. मी हाका मारल्या तशी शेजारच्या तान्हूआजी आल्या. सासूबाईंच्या वयाच्या, आता कमरेत पार वाकलेल्या.

‘आक्का कुठायत?’

‘म्हायेरला गेली, जतला. परवा दिस.’

‘मी येणार ते कळवलं होतं की.’

‘व्हय, म्हनूनच गेली,’ आजी म्हणाल्या. ‘मी हितं ऱ्हायले तर पोर माजा पदर सोडायची न्हाई, म्हनली. चार दिस तुजी सवं लागू दे तिला, मग घिऊन जा.’

परड्यात उखळाशेजारी शालन बसली होती. अंगात मी गेल्या साली पाठवलेला झगा, गुडघ्याच्या पुष्कळ वर गेलेला. पाठीवरून एक वेणी खाली आली होती, तेल लावून घट्ट घातलेली, आणि तिचा शेंडा जमिनीवर टेकला होता. सहा वर्षांच्या पोरीला तेवढे केस मी कुठे पाहिले नाहीत. मी केसांकडेच बघत राहिले. जेवढी त्या वेणीची लांबी तेवढं माझं खोटं, असं मनात आलं आणि ते काही केल्या जाईना.

‘शालन, कोन आलंय बग,’ आजी म्हणाल्या.

‘विलायतची आय,’ शालन पाठ केल्यासारखं म्हणाली. उठली, दोन्ही हातांनी माझ्या पायांना शिवली आणि पुन्हा जाऊन बसली. पाव्हण्याच्या पाया पडतात तशी पडली. तेही आक्कांनीच शिकवलं असणार.

तीन दिवस मी तिथे राहिले. ते फार वाईट गेले. शालन सांगेन ते करायची. ऊठ म्हटलं की उठायची, नवा झगा घाल म्हटलं की घालायची. पण जेवायची नाही. बाजरीची भाकरी पुढ्यात घेऊन तिचा काला करायची आणि तसाच ठेवायची. हुलग्याचं माडगं तेवढं दोन घोट प्यायची. रात्री माझ्याशेजारी पडायची, पण भिंतीकडे तोंड करून, वेणी पुढे घेऊन, मुठीत धरून. मी बिस्किटांचा एक मोठा डबा नेला होता, आमच्याच कारखान्यातला. तो तिनं उघडून पाहिला, वास घेतला, झाकण लावलं आणि म्हणाली, ‘तुमी खावा.’

तिसऱ्या दिवशी नव्या झग्याची शिवण उसवून खाली सोडावी म्हणून मी पिशवीतून कात्री काढली. शालन दाराशी होती. कात्री दिसली मात्र, ती आत पळाली. मी मागोमाग गेले तर कणगीमागे सांदीत शिरून बसलेली. दोन्ही हात मागे, वेणी हातात दडवलेली. डोळे एवढे मोठे झालेले. मी कात्री खाली टाकली, हात रिकामे करून दाखवले, झग्यासाठी होती गं म्हणाले, तरी ती बाहेर येईना. मला रडू आलं. माझ्या पोरीला माझीच भीती वाटत होती.

तान्हूआजींनी उलगडा केला. ‘आक्कानंच सांगून ठिवलंय तिला. जावळ काडल्याबिगर समुंदर वलांडायचा न्हाई. तुजी आय येनार, जावळ काडनार, मग तुला नेनार. पोर काय खुळी हाय व्हय? तिला ठावं हाय, केस गेलं की आपन गेलो.’

तेव्हा मी एक बेत केला. सांगलीहून माझ्या भावाला बरोबर घ्यायचं, शालनला घेऊन जतला जायचं आणि आक्कांच्या देखत जावळ उरकायचं. आक्का समोर असल्या की पोर मुकाट्यानं बसेल. तिथूनच मग मुंबई गाठायची. बेत चांगला होता आणि त्यात कुणाच्या मनाचा विचार नव्हता, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मायणीची बाभळ

‘आपण जतला जायचं,’ एवढंच मी शालनला सांगितलं.

‘आयकडं?’

‘हो.’

तिनं त्या सकाळी दीड भाकरी खाल्ली.

विट्याची एसटी मायणीच्या अलीकडे पंक्चर झाली. ड्रायव्हर म्हणाला, तासभर तरी लागेल. आम्ही एका बाभळीखाली बसलो. सावली म्हणजे नुसतं जाळं, दर दोन मिनिटांनी सरकून बसावं लागत होतं. शालनला एसटीत ओकारी झाली होती, ती सगळी माझ्या लुगड्यावर. पण आता तिला बरं वाटत होतं आणि ती बोलत होती. तीन दिवसांत जी पोर दहा शब्द बोलली नव्हती तिच्या तोंडाला खळ नव्हता.

आय झोपेत घोरती. आयला पालीचं भ्या वाटतं पर इच्चू ती चपलनं मारती. आयला गूळ लय आवडतो, पर खात न्हाई, मला ठिवती. मी अंधारात उठले की आय न इचारता उठती. आय नाव लिवाय शिकली माज्याबरूबर, पर तिच्या नावातला ‘क्ष’ तिला येत न्हाई. हे सगळं ती मला विश्वासानं सांगत होती, कारण मी तिला आयकडे घेऊन चालले होते. मग तिला माझी आठवण झाली असावी.

‘तुमच्यात पानी कुटनं आनत्यात?’

‘घरात नळ आहे.’

‘रोज येतंय?’

‘रोज. गरमसुद्धा.’

‘आयला बी न्या की मग,’ म्हणाली. ‘तिचं मनगट दुकतं पानी वडून.’

‘तिला नाही नेता येत.’

‘का?’

‘कागद लागतो. त्या कागदावर नुसतं तुझं नाव आहे.’

‘मग माजं खोडा आन् तिचं घाला,’ शालन म्हणाली. तिनं हे भांडण म्हणून नाही, सोय म्हणून सुचवलं.

त्यानंतर ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. वेणी माझ्या हातावर पडली. करडीच्या तेलाचा वास, थोडा धुराचा वास. झोपेत जाता जाता तिनं विचारलं, ‘जावळ न्हाई काडलं तर काय हुतं?’

‘काढावंच लागतं,’ मी म्हटलं.

‘बरं,’ म्हणाली आणि झोपली.

पाच वर्षांत माझं मूल माझ्या मांडीवर झोपलं ते त्या बाभळीखाली. मला बसचं चाक दुरुस्त होऊ नये असं वाटत होतं.

सांगली

माझं माहेर सांगलीचं. आईवडील गेले, आता धाकटा भाऊ वसंता तिथे असतो, हळदीच्या वखारीत कामाला. त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे असतात आणि कितीही धुतले तरी जात नाहीत. शालननं ते हात पाहिले आणि विचारलं, ‘मामाचं लगीन हाय का?’ वसंता पोट धरून हसला. तिलाही हसू आलं. तिचा एक दात पडलेला आहे, हे मला तेव्हा कळलं.

माणदेशातून आलं की सांगली म्हणजे चैन वाटते. उसाचा रस, भडंग, नदीला पाणी. संध्याकाळी आम्ही कृष्णेच्या घाटावर गेलो. शालननं एवढं पाणी एके ठिकाणी पाहिलं नव्हतं. ती पायरीवर बसून वाटीएवढं पाणी ओंजळीत घ्यायची आणि पुन्हा हळूच नदीत ओतायची, सांडू न देता. पाणी वाया घालवायचं नाही हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं.

वसंता माझ्या शेजारी येऊन बसला. त्याला आडून बोलता येत नाही.

‘ताई, तिथं तू कामावर गेल्यावर पोरगी कुणापाशी?’

‘शाळा असते. शाळा सुटल्यावर शेजारची एक बाई बघेल तीन तास. चांगली आहे.’

‘आपल्याकडची हाय?’

‘नाही रे. तिथलीच.’

‘म्हंजे पुन्ना कुणाकडं तरी ठेवायचीच की.’

मला राग आला. मी म्हटलं, ‘माझी मुलगी आहे, वसंता. मी काय जन्मभर डबे भरत बसू? कुणासाठी?’

‘तुजीच हाय. न्हाई कोण म्हणतंय?’ तो म्हणाला. ‘मी येतो उद्या. मांडी माझीच लागणार हाय.’

घरी त्याच्या बायकोनं मला निवांत जेवायला वाढलं. माझ्या तोंडाला चव नव्हती. मी जेवत नाही असं पाहून शालननं आपल्या ताटातला गुळाचा खडा उचलून माझ्या ताटात ठेवला. आय तिच्यासाठी ठेवते तसा नसेल, पण ठेवला.

जत

मिरज सोडलं की हिरवं संपत जातं, कवठे महांकाळच्या पुढे तर आपण पुन्हा माणमध्येच आलो की काय असं वाटतं. फरक एवढाच की एसटीत बायका निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलतात आणि एका वाक्यात दोन्हींत भांडतात. आक्कांमुळे शालनला ते सगळं कळत होतं. मला ती अर्थ सांगत होती. आपल्याच जिल्ह्यात मी परकी होते आणि माझी पोर माझी दुभाषी. विलायतेत हे काम मी इतर बायकांसाठी करते.

आक्कांचं माहेर जतपासून दोन कोसांवर. आम्ही चालत गेलो. विहिरीवर बायकांची रांग होती, त्यात आक्का दिसल्या. सुकलेल्या, उंच, हातात दोर. शालन धावत सुटली. मला वाटलं, आक्का तिला उचलून घेतील. त्यांनी दोर सोडला नाही. म्हणाल्या, ‘आईला माघारी ठिवून पुढं पळत्यात व्हय? जा, हात धर तिचा.’ शालन निम्म्या वाटेत थांबली. मागे आली आणि माझा हात धरला. आक्कांनी तोंड फिरवून कळशी ओढली.

संध्याकाळी चुलीपुढे आम्ही दोघीच होतो. आक्कांनी शालनचं गाठोडं आधीच बांधून ठेवलं होतं. वाकळ, शेवया, तेलाची बाटली, शिकेकाईची पुडी. एकेक वस्तू काढून त्या मला समजावत होत्या. ‘हिला तेलाबिगर झोप येत न्हाई. टाळूला घाल, कपाळावर उतरू दिऊ नगो. रागावलीस तर जेवत न्हाई, तवा रागवायचं ते जेवान झाल्यावर. आन् दिवाळीला उंचीचा दोरा आता तू पाटिव.’

‘आक्का, तुम्ही असं न सांगता का निघून आलात?’

‘वासरू दुसऱ्याच्या दावणीला बांदलं की आपन तितं थांबू न्हाई, धाकले,’ त्या म्हणाल्या. ‘हंबरत ऱ्हातं.’

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी भांडले असते, माझी बाजू मांडली असती. खोली, मालकीणबाई, डॉक्टर, सगळं माझ्यापाशी तयार होतं. त्यांनी काहीच विचारलं नाही.

सकाळी न्हावी आला. दारातल्या लिंबाखाली घोंगडं अंथरलं. वसंता मांडी घालून बसला. शालन न सांगता येऊन त्याच्या मांडीवर बसली. न रडता, न हलता. न्हाव्यानं धोकटी सोडली, वस्तरा पट्ट्यावर फिरवला. आक्का घरात जात्यावर बसल्या होत्या. इतक्या वेळात जातं थांबलं नव्हतं. मी शालनपुढे गुडघे टेकून पदर पसरला.

शालननं आपली आपण वेणी सोडली. केस मोकळे झाले, वसंताच्या गुडघ्यावरून घोंगड्यावर आले.

‘दुकतंय का वो?’ तिनं न्हाव्याला विचारलं.

‘न्हाई गं तंगी,’ तो म्हणाला. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. ‘केसाला काय जीव असतोय?’

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, ‘मी परत कवा यायचं?’

उत्तर माझ्या जिभेवर आलंच होतं. पुढच्या वर्षी. पाच पत्रांत लिहून लिहून ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं की त्याला विचार लागत नव्हता. तोंड उघडलं आणि मला कळलं की मी आता हे हिलाही सांगणार. ही पिवळ्या खोलीत बसून थांबणार, आक्का इथे थांबणार, आणि मी दर वर्षी दोघींना तेच सांगणार. आमचं परत येणं कसं असतं ते मला पक्कं माहीत होतं.

न्हाव्यानं केसांची बट धरली.

‘आज नको,’ मी म्हटलं.

‘आँ?’

‘आज नाही काढायचं. पुढच्या वर्षी काढू.’

जातं थांबलं. आक्का दारात आल्या, दोन्ही हात पिठाचे. ‘खुळी झालीस का? भावजींस्नी काय सांगशील?’

‘सांगेन काहीतरी.’

‘धाकले, म्या मनाची तयारी केली हुती,’ आक्का म्हणाल्या. आवाज चढला होता. ‘एकदाच केली हुती. दुसऱ्यांदा माज्यानं हुयाची न्हाई. नेयाची तर आज ने.’

‘पुढच्या वर्षी, आक्का.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य त्यांनी मास्तरांच्या तोंडून पाच वेळा ऐकलं होतं. त्याचा अर्थ मला जेवढा कळत होता तेवढाच त्यांनाही कळत होता. त्या उंबऱ्यावरच खाली बसल्या आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकलं. शालन मांडीवरून उठली. कुणाकडे जावं ते तिला कळेना. ती मधेच उभी राहिली, मोकळे केस अंगभर, आणि मग गेली आक्कांकडेच.

मी पदर पसरून तशीच बसले होते. वसंतानं न्हाव्याला नारळ देऊन वाटेला लावला. थोड्या वेळानं आक्का उठल्या, तोंड धुतलं आणि सुपात ज्वारी घेऊन आल्या. ‘रिता पदर घिऊन जाऊ न्हाई,’ म्हणाल्या. माझ्या पदरात त्यांनी ज्वारी घातली, नारळ घातला, कुंकू लावलं. सासरी निघालेल्या लेकीची ओटी भरतात तशी माझी ओटी भरली. आणि मी निघालेच होते. माझं सासर आता समुद्रापलीकडे आहे, हे मला त्या लिंबाखाली समजलं.

एसटीपर्यंत दोघी पोचवायला आल्या. शालन खिडकीखाली उभी राहून म्हणाली, ‘पुढच्या साली खरंच येनार?’ ती वाट बघणार होती की घाबरली होती, ते मला ओळखता आलं नाही. आईला ओळखता यायला हवं होतं.

परत

मुंबईला अधिकाऱ्यानं पासपोर्ट उघडला, दुसरं नाव वाचलं आणि माझ्या आजूबाजूला पाहिलं. ‘मुलगी?’ मी म्हटलं, ‘राहिली.’ त्यानं शिक्का मारला.

आमच्या स्टेशनवर पाऊस होता. यजमान फलाटावर उभे होते, हातावर लाल कोट. माझ्यामागून कोणी उतरतं का म्हणून त्यांनी डब्याच्या दाराकडे गाडी हलेपर्यंत बघितलं. ती राहिल्याची मी तार केली नव्हती. तारेत काय लिहायचं ते सुचलं नव्हतं. घरी आल्यावर म्हणाले, ‘तू माझ्या मुलीचं एकटीनं ठरवलंस.’ ते खरं होतं. मी त्यांना बाभळ, कणगी, जातं, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि कोट मागच्या खोलीत खुंटीला लावला. उन्हाळाभर आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो.

लोक विचारतात, तुम्हाला तिकडे घरासारखं वाटतं का? वाटतं. कुलूप उघडलं की दिवा कुठे आहे ते हाताला कळतं, शेजारीण माझ्या नावाची हाक मारते, पावसाला मी नावं ठेवते. घर होतं ते असंच होतं. त्यासाठी काय मागे ठेवावं लागतं ते मी वर लिहिलं आहे.

या दिवाळीला पत्र आलं. मास्तरांचं अक्षर, खाली आक्कांची वाकडी सही, तिच्याखाली शालनची सरळ सही. पाकिटात या खेपेला दोन दोरे होते. एक पांढरा, उंचीचा. दुसरा तांबडा, त्याला करडीच्या तेलाचा वास होता. तो कशाचा ते पत्रात लिहिलं नव्हतं, पण लिहायची गरजही नव्हती. यजमानांनी पांढरा दोरा स्वयंपाकघराच्या दाराला खिळ्यावर लावला. मी तांबडा त्याच्याशेजारी लावला. तांबडा अजून हातभर आखूड आहे.